सफेद्याची रेघ

“ओढायला काय, बैल बी ओढतोय. धरून ठेवतोय का, ते बघ!”

असं म्हणत चाचा विंचच्या ड्रमवर उलटा हात ठेवायचे. तळहात नाही, उलटा हात. आई पोराचा ताप बघते ना, तसा. मग डोळे मिटून जरा वेळ गप्प. समोरचा गिऱ्हाईक घायकुतीला आलेला असायचा, पण चाचांना त्याचं काही नाही.

ज्यांनी विंच बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जीपच्या पुढच्या बंपरवर बसवलेलं, बॅटरीवर चालणारं, तारेचा दोर गुंडाळून घेणारं ते यंत्र. दोराचा आकडा झाडाला अडकवला की रुतलेली जीप स्वतःलाच ओढून काढते. दुसऱ्या गाडीला अडकवला तर तिला काढते. आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी एकदा बसली की बसली. चाकूरपासून जळकोटपर्यंत आणि तिकडं लोहा-कंधारपर्यंत अशा बसलेल्या गाड्या काढणं हाच माझा धंदा. आणि या धंद्यातल्या आम्हा सगळ्यांचे विंच लातुरात नांदेड रोडला चाचांच्या पत्र्याच्या शेडमधूनच पास होऊन यायचे. चाचांचं खरं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या नावाला मी आधीच पुरेसा डाग लावलाय.

पास होऊन यायचे म्हणजे काय, ते ऐकण्यासारखं आहे. शेडच्या मागं एक चढ होता आणि चढाच्या टोकाला कडुलिंब. जीप खाली लावायची, दोर लिंबाला, आणि विंचनं जीप वर ओढायची. अर्ध्या चढावर चाचा ओरडायचे, “बस्स!” बटण सोडायचं, गिअर काढायचा, हँडब्रेक खाली. जीप नुसती विंचच्या जिवावर चढाला लटकलेली. मग चाचा चाकाच्या मागं खडूनं रेघ मारायचे आणि म्हणायचे, “चला, चहा पिऊ.” बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्यायचे. डोळे मात्र खडूच्या रेघेवर. चहा संपेपर्यंत चाक बोटभर जरी मागं आलं तर विंच नापास. मग तो आमदाराच्या भाच्याचा असो नाहीतर आणखी कुणाचा.

पास झाला तर चाचा डबीतून सफेदा घ्यायचे आणि ब्रशनं एक बारीक पांढरी रेघ मारायचे, बोल्टावरून थेट विंचच्या अंगावर. बोल्ट कुणी खोलला की रेघ तुटणार. लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांत ही रेघ सगळ्यांना ठाऊक. मी कुठं गाडी काढायला गेलो की लोक आधी माझ्याकडं नाही, बंपरकडं वाकून बघायचे. “रेघ हाय का?” हाय म्हटलं की तंबाखू मळत निवांत उभे राहायचे.

पण अलीकडं सगळं बिघडत चाललं होतं. जुने विंच जडशीळ होते, दोन माणसांना उचलायचे नाहीत. पण त्यांचे गिअर बापजन्मी झिजायचे नाहीत. ते संपले, आणि मोबाईलवर बटण दाबलं की घरी येणारे चकचकीत विंच आले. चाचा नवाकोरा विंचसुद्धा आधी खोलायचे. गिऱ्हाईक बोंबलायचा, “चाचा, वॉरंटी जाती ना!” चाचा म्हणायचे, “वॉरंटी जाऊ दे, तू राहा.”

आत बघून त्यांची करमणूकही व्हायची आणि जीवही जायचा. “हे ग्रीस हाय का गालबोट?” एकदा निलंग्याहून आलेला ‘वॉटरप्रूफ’ विंच त्यांनी खोलला, तर आतून अर्धा कप गढूळ पाणी निघालं. चाचा गंभीरपणे म्हणाले, “बरोबर हाय. आत गेलेलं पाणी भायेर जाऊ देत न्हाई.” दुसऱ्या एका दिवशी तीन वेगळ्या नावांचे, तीन रंगांचे विंच शेजारी शेजारी उघडून ठेवले. आतला माल एकच. “बघून घे बेटा. भाऊ तीन, बाप एक. आणि बाप बी बिनकामाचा!”

पूर्वी एका कपात परीक्षा व्हायची. मग दोन कप झाले. मग किटलीच यायला लागली. “तुमच्या विंचपायी मला साखर होनार,” असं ते म्हणायचे आणि आम्ही हसायचो. हसता हसता मी बघायचो तर बशी तशीच हातात असायची. चहा थंड होऊन जायचा, आणि ते रेघेकडंच बघत राहायचे.

पास केलेल्या विंचचीही त्यांना शाश्वती राहिली नव्हती. भर दुपारी फोन यायचा. “कुठं हायस? काम चालू हाय का? मधी कोन उभं ऱ्हायलं न्हाई ना? दोरावर गोधडी टाकली का?” तार तुटली तर सापासारखी उसळते, गोधडीनं तिचा जोर मोडतो, म्हणून. मी “हाव चाचा, टाकली” म्हणेपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही, असं त्यांची मुलगी माहेरी आली की सांगायची. माझी बायको म्हणायची, “उचला, तुमच्या सासूबाईचा फोन हाय.” एकदा तासाभरात दोनदा फोन करून त्यांनी तेच्या तेच विचारलं. “चाचा, आत्ताच सांगितलं की!” मग म्हणाले, “सांगितलंस का? असंल, असंल.” त्यावरही आम्ही धंद्यातले चार जण खूप हसलो होतो. आता नाही हसू येत.

त्या पावसाळ्यात माझा जुना विंच बसला. गिअर मिळेना. झक मारत मीही मोबाईलवरून नवा मागवला. त्याच आठवड्यात चाचांच्या शेडमध्ये तसलेच आणखी तीन आले होते. काळे, सारखे, नुसते स्टिकर निराळे. माझा चढावर लावला. पहिला कप संपला, चाक जाग्यावर. दुसऱ्या कपाला चाक अर्धं बोट मागं आलं. अर्धंच हो! चाचांनी बशी खाली ठेवली.

“न्हाई.”

“चाचा, अर्धं बोट काय अन्‌ काय!”

“थंड हाय तवर धरतोय, तापला की ब्रेकची चकती सोडून देती. आज अर्धं बोट, उद्या आख्खी गाडी. आठ दिवस ठेव. हैदराबादेहून चकती बनवून आनतो.”

आठ दिवस! बाहेर गाड्यांवर गाड्या बसून राहिलेल्या, माझा फोन तापलेला, आणि हे म्हणतात आठ दिवस ठेव. मी नको ते बोललो. “तुम्हाला आजकाल सगळंच वाईट दिसतंय,” असंही बोललो. विंच उचलला आणि निघालो. चाचा मागून म्हणत होते, “रागव बेटा, पन ठेवून जा.”

रेघेशिवाय मला कुणी काम देणार नव्हतं. म्हणून मी काय केलं? चाकूरला हार्डवेअरच्या दुकानातून सफेद्याची डबी घेतली आणि बोल्टावर रेघ मारली. सरळ आली. चाचांची जराशी वाकडी यायची, म्हणून मी पुसून परत वाकडी मारली. एवढं डोकं मी लावलं. तुम्हाला सांगतो, त्या वेळी मला त्यात चोरी वाटली नाही, चलाखी वाटली.

चौथ्या दिवशी जळकोटच्या अलीकडं बालाजी नावाच्या पोरसवदा माणसाचा पिकअप रस्त्याकडंच्या खोल चरीत उतरला होता. मागं टोमॅटोची कॅरेटं. बालाजी रीतीप्रमाणं बंपरशी वाकला. रेघ बघून सरळ झाला. “झालं मग. आता काय भ्या न्हाई.”

मी ओढायला लागलो. पिकअप अर्धा वर आला, तेवढ्यात दोर ड्रमच्या एकाच अंगाला चढायला लागला म्हणून मी बटण सोडलं. पिकअप लटकला. बालाजी मागच्या चाकाला उटी म्हणून दगड लावायला गेला. मी त्याला मागं हो म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही. आतून खट्‌ असा आवाज आला आणि ड्रम सुटला.

पिकअप मागं आला आणि बालाजीचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला.

लातूरच्या दवाखान्यात संध्याकाळी चाचा आले. कुणी बोलावलं नव्हतं, बातमी गेली होती. “चाचाची रेघ असून गाडी सुटली,” हेच सगळीकडं झालेलं. ते बालाजीच्या पायथ्याशी उभे राहिले, पांढऱ्या पट्ट्यांकडं बघत. मग मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि अगदी हळू विचारलं, “बेटा, तुझ्या विंचला मी सफेदा लावला होता का रे? मला आठवून ऱ्हायलं की न्हाई म्हनालो होतो. पन चार सारखेच होते. मी दुसऱ्याला न्हाई म्हनालो का?”

शेजारी बालाजीचा चुलता उभा होता, आणखी दोन माणसं होती.

“हाव चाचा,” मी म्हणालो. “तुम्हीच लावला होता.”

त्यांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. मनगट सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून शेड बंद. आम्हाला वाटलं, म्हातारा घरी बसला. कुठलं घरी! खांद्याला पिशवी, पिशवीत पातं आणि रॉकेलची चिंधी, असे ते एसटीनं फिरत होते. मुरुड, चाकूर, अहमदपूर, कंधार. ज्या ज्या विंचवर त्यांनी रेघ मारली होती तिथं जाऊन, उकिडवे बसून, ती खरवडून काढत होते. लोक म्हणायचे, “चाचा, हा चांगला हाय हो, पाच वर्षं झाली!” तर ते हात जोडायचे. “माझ्या रेघेवर भरोसा ठेवून कुनी गाडीमागं जाऊ नका. माझं डोकं चालून न्हाई ऱ्हायलं.” काही जण हसले म्हणे. मी ऐकून घेत होतो. नवा विंच मी काढून गोठ्यात फेकला होता आणि जेवताना भाकरी हातातच राहायची. फोन वाजला की आधी नाव बघायचो, पण त्यांचा फोन काही आला नाही.

तीन महिन्यांनी बालाजी काठी घेऊन अंगणात चालायला लागला. मी गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. त्यानं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, “मी रेघ बघूनच मागं गेलो होतो.” मी खाली मान घातली. “माझ्या पायाचं नंतर बघू आपन. ते मी सोडनार न्हाई. आधी चाचाला सांग. मला भेटून गेले ते, लहान लेकरावानी रडत होते. मी म्हनलं, मनाला लावून घेऊ नका. आजच्या आज जा.”

चाचा मला मुरुडच्या स्टँडवर सापडले. बाकड्यावर बसले होते, मांडीवर पिशवी. खूप वाळले होते. मी शेजारी बसलो आणि एका दमात ओकलो. तुम्ही नापास केला होता, अर्धं बोट मागं आलं होतं, मी भांडलो, रेघ मी मारली, मुद्दाम वाकडी मारली, दवाखान्यात खोटं बोललो. खिशातून सफेद्याची डबी काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी डबी फिरवून बघितली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. मला वाटलं, आता मारतील. त्यांनी मारावं असं फार वाटत होतं.

ते हसले. अगदी मायेनं हसले.

“बालाजीनं पाठवलं ना तुला?”

“पाठवलं, पण चाचा, खरंच—”

“चांगलं पोरगं हाय. तू बी चांगला हायस.” डबी त्यांनी माझ्या खिशात परत घातली. “डबी काय, कुठल्या बी दुकानात भेटती. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून स्वतःच्या अंगावर घिऊन ऱ्हायलास. कोन करतंय आजकाल असं?”

“चाचा, आईची शपथ!”

“शपथ घेऊ नको,” ते एकदम कडक झाले. “खोट्यासाठी आईची शपथ घेऊ नये. त्या दिवशी मी तुला तोंडावर विचारलं होतं. तू खरं तेच सांगितलंस. मला तेवढं बास.”

एसटी लागली. मी त्यांच्यामागं दारापर्यंत बडबडत गेलो, लोक बघायला लागले. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. “जा घरी. जेवून घे.”

त्यानंतर ते उदगीरला मुलीकडं राहायला गेले. मी दोन वेळा गेलो, दोन्ही वेळा तेच सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांनी मला ओळखायला वेळ लावला आणि ओळखल्यावर विचारलं, “त्या पोराचा पाय कसा हाय? माझ्या हातून झालं बघ ते.”

गेल्या थंडीत ते गेले. मी उदगीरला पोचलो तेव्हा मय्यत उठायची होती. अंगणात माणसं दाटलेली. मी दाराशी थांबलो होतो, तर त्यांच्या मुलीनं मला बघितलं आणि डोळे पुसत आपल्या मामाला सांगितलं, “हेच ते. अब्बाची चूक आपल्या डोक्यावर घ्यायला तीनदा आले होते. अब्बा मरेपर्यंत यांचं नाव घेत होते.”

माणसं सरकली, मला वाट झाली. एका म्हाताऱ्यानं उठून मला स्वतःची खुर्ची दिली. कुणीतरी पाठीवर हात ठेवला, कुणीतरी पाण्याचा ग्लास आणला.

मी खुर्चीवर बसलो. पाणीही प्यालो.