पेंगणारी दासी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.

तिचं नाव प्राची. यवतमाळची. पुण्यात कलेतिहासाच्या एम.ए.ला आम्ही एका वर्गात होतो. मी कोथरूडची, घरून डबा आणणारी. ती नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारी. माझा अर्धा डबा तिचा, हे पहिल्याच आठवड्यात न बोलता ठरून गेलं.

तिच्या उत्साहाचं काय सांगू? जगातल्या कुठल्याशा नावाजलेल्या चित्राखाली दुसरंच चित्र सापडलं, अशी बातमी आली की हिला जेवण सुचत नसे. एका चित्रात लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्याला रात्र समजत होते तो नुसता काळवंडलेला वार्निशचा थर निघाला — हे तिने मला लक्ष्मी रोडवर, भर रस्त्यात थांबून सांगितलं. मागचा रिक्षावाला म्हणाला, "ताई, चर्चासत्र फुटपाथवर घ्या." ती त्याला सॉरी म्हणाली, बाजूला झाली, आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू.

मला ती फार आवडायची. हे आधीच सांगून मी सुटका करून घेतेय का? नाही. आवडायची — आणि तरीही.

दुसऱ्या वर्षी डिझर्टेशनचा विषय द्यायचा होता. लेण्यातलं एक प्रसिद्ध भित्तिचित्र आहे. कुठलं ते सांगत नाही. आमच्या क्षेत्रात माणसं थोडी, लगेच कळेल. राणी आजारी आहे, भोवती माणसं, आणि एका कडेला मान खाली घातलेली तरुण दासी. सगळी पुस्तकं सांगतात, ती दुःखाने रडते आहे. मी ते चित्र शाळेपासून पाहत आले होते. माझ्या खोलीत त्याची छापील प्रत लावलेली होती.

एका दुपारी लायब्ररीत प्राचीने पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "नीट पाहून घे. रडून नाही राहिली ती. पेंगून राहिली."

मी पाहिलं. मांडीत सैल पडलेले हात, किंचित उघडे ओठ, एका बाजूला कललेली मान. प्राचीचे वडील बरेच महिने अंथरुणाला खिळून होते. ती आणि आई आळीपाळीने त्यांच्याजवळ बसायच्या. ती म्हणाली, दुखणाईताजवळच्या माणसाला रडायला सवड नसते, त्याचा बसल्या बसल्या डोळा लागतो. चित्रकाराने हे कुणाच्या तरी घरी पाहिलेलं असणार.

ती बरोबर होती. मला तिथल्या तिथे कळलं. आणि — कसं लिहू? — मला आनंद झाला नाही. इतकी वर्षं चित्र माझ्या भिंतीवर, आणि दिसलं हिला?

मी म्हटलं, "हे आधीच कुणीतरी लिहिलंय. जुना लेख आहे, मी वाचलाय."

असा लेख नव्हता. विचार न करता बोलून गेले — नाही, हेही खोटं. विचार केला होता. तिने पुस्तक मिटेपर्यंत शब्द मागे घ्यायला वेळही होता. तो मी जाऊ दिला.

तिने शंका घेतली नाही. मी वाचलंय म्हणजे वाचलंय. उलट हसून म्हणाली, म्हणजे आपला डोळा बरोबर आहे तर. मग तिने देवळांच्या खांबांवर काहीतरी लिहून डिझर्टेशन उरकलं, बेताचे मार्क मिळाले, आणि यवतमाळला परत गेली. तिथे शाळेत चित्रकला शिकवते. मी इथेच, एका कॉलेजात हा विषय शिकवते. माझ्या एका वाक्यामुळे हे असं झालं का? ते मला ठाऊक नाही. वाक्य माझं होतं, एवढं ठाऊक आहे.

अजूनही तिचा फोन येतो. जगात कुठे काही नवं सापडलं की आधी मला.

गेल्या महिन्यात आला. परदेशातल्या कुणा अभ्यासकाने व्याख्यानात मांडलं होतं — ती दासी रडत नाही, तिला झोप लागली आहे. सगळीकडे कौतुक चाललेलं. प्राची इतकी खूश, जणू तिच्या घरातलं कुणी पहिलं आलं. मग म्हणाली की या लोकांनी तो जुना लेख वाचलेला दिसत नाही. ज्याने आधी लिहिलं त्या बिचाऱ्याचं नाव व्हायला हवं. लेखक आठवतो का, आपण त्यांना कळवू या.

मी म्हटलं, आठवत नाही.

"राहू दे. पण तेव्हा तू अडवलंस म्हणून वाचली ना मी. नाहीतर दुसऱ्याचं ढापलं म्हणाले असते सगळे."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. घरात कुणी नव्हतं. ती माझ्या बोलण्याची वाट पाहत होती.

"हो ना," मी म्हटलं.