मंत्र्यांच्या वाटचा पेढा

युद्ध संपलं, तरी शेजारच्या काकूंचा मुलगा शत्रूच्या कैदेतच होता. इंग्रजी शाळेत शिकलेली गल्लीत मी एकटीच, म्हणून परराष्ट्रमंत्र्यांचं निवेदन छापून आलं की काकू वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे येत.

"मंत्री माह्या पोराले आणून राह्यला का, तेवढं सांग."

दोन्ही देशांत झालेल्या करारात कैद्यांना माणुसकीनं वागवण्याचं वचन होतं. सुटकेबद्दल मात्र पुढे बोलणी होतील, एवढंच. खोटं सांगावंसं वाटलं, पण मान खाली घालून मी होतं तेच सांगितलं.

"हौ, बोलून तर राह्यले ना!" म्हणत काकू उठल्या.

पुढे मुलगा सुखरूप परतला. काकूंनी पहिला पेढा मंत्र्यांच्या छापील फोटोपुढे ठेवला आणि दुसरा माझ्या हातावर.

"सारे मले पोरगा उद्या येते म्हणत. तू लबाड नाही बोलली, पोरी."