शांताकाकूंनी जावई भादरला

शांताकाकू आपल्या कुत्र्याला जावई म्हणायच्या. कुणी नवं माणूस दारात आलं की सांगायच्या, "काम न्हाय, धंदा न्हाय, ताट पुढ्यात आलं की शेपूट हलतंय. मग दुसरं काय म्हणायचं?" खरे जावई सोलापूरहून आलेले असले तरी हे वाक्य बदलायचं नाही. एकदा त्यांनी ओट्यावरून लेकीला ओरडून सांगितलं, की जावयाला आत कोंड, लई भुंकायलाय. तेव्हा खरे जावई बूट काढता काढता तसेच थांबले होते.

धाराशिवला आमच्या शेजारीच त्यांचं घर. देव, माणूस, मरण, काकूंच्या तोंडातून कुणी सुटायचं नाही. काका गेले तेव्हा दहाव्याला कावळा काही पिंडाला शिवेना. सगळे हात जोडून उभे. काकू भटजींसमोरच म्हणाल्या, "जितेपणी तरी कुठं एका हाकेत जेवायला यायचे?"

कुत्रा काकांचा. पांढरा, केसाळ पॉमेरियन. काका रोज सकाळी ओट्यावर बसून त्याला विंचरायचे. ते गेल्यावर त्यानं दुसऱ्या कुणालाही अंगाला हात लावू दिला नाही. कंगवा दिसला की दात विचकायचा. उन्हाळा तापेपर्यंत केसांच्या गाठी झाल्या, गोचीड भरले, वास यायला लागला. गल्लीतल्या एकानं सल्ला दिला, की येरमाळ्याच्या पुढं हायवेला सोडून या. काकूंनी त्याला विचारलं, तुमच्या वडिलांच्या खोकल्याचाही गल्लीला लई त्रास आहे, दोघांना एकाच गाडीत नेऊ का?

पुढच्याच रविवारी त्यांनी घरीच कुत्रा भादरायचं ठरवलं. मदतीला मला आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, बोलावलं. काकांचं दाढीचं मशीन पहिल्याच गाठीत बंद पडलं. मग काकूंनी भावाकडून आणलेली मेंढरं कातरायची कातर काढली. मेंढरांच्या घरातली लेक हाय मी, असं बजावून त्यांनी आम्हाला गप्प केलं. माहेरी त्या कातरणाऱ्यांना फक्त चहा नेऊन द्यायच्या, हे आम्हाला पुढं त्यांच्या भावाकडून कळलं.

मी लुगड्याच्या चिंधीनं कुत्र्याचं तोंड बांधलं, सुनंदानं पाय धरले. काकू कातर चालवत होत्या आणि कुत्र्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. केसांचा थर घोंगडीच्या तुकड्यासारखा अखंड सुटून आला.

आत कुत्रा नव्हताच जणू. नुसत्या फासळ्या. एवढ्या केसांखाली तो वाळत चाललाय हे कुणालाच दिसलं नव्हतं. दूधभाकरीचं ताट तर रोज रिकामं व्हायचं. ते भिंतीवरून येणारं मांजर संपवत असणार. काकूंनी कातर खाली ठेवली. त्याच्या फासळ्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "एवढासाच व्हय रे तू?"

तोंडाची चिंधी सोडून त्यांनी त्याला मांडीवर घेतलं. घरातली उरलेली अर्धी भाकरी दुधात कुस्करून घास पुढं केला. कुत्र्यानं मान फिरवली. काकू हलक्या आवाजात शिव्या देत राहिल्या, हात मात्र तसाच पुढं धरून. बऱ्याच वेळानं त्यानं बोटं चाटली, मग घास घेतला.

आणखी भाकरी आणायला सुनंदा आत गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. आत टोपल्यात दुसरी भाकरी नव्हती, पिठाच्या डब्यात पीठ नव्हतं. चहाचं पातेलं तेवढं गॅसवर होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. ती काकूंच्या काडीसारख्या मनगटांकडं बघत राहिली. काकूंना ते कळलं.

"त्याचे केस काढले म्हणून दिसलं," त्या म्हणाल्या. "मला कोण भादरणार?"

आणि स्वतःच हसल्या. आम्हाला हसू आलं नाही.

त्या संध्याकाळी सुनंदानं त्यांना हाताला धरूनच आमच्याकडं जेवायला आणलं. मग ते रोजचंच झालं. काकू पुढं, बोडका कुत्रा मागं. ही आमटी हाय का हात धुतलेलं पाणी, असं विचारून काकू तीच आमटी दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या.

गेल्या वर्षी काकूंच्या गुडघ्यांनी दगा दिला. लेक न्यायला आली. कुत्र्यालाही नेईन असं तिनं कबूल केलं तेव्हाच काकू उठल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी सुनंदाचा हात धरला आणि सवयीनं काहीतरी टोचून बोलायला तोंड उघडलं. गाडी सुरू झाली तरी त्यांना काही सुचलं नाही.