नेमेसियाच्या तिरक्या रेघा

चर्चच्या वेदीचं कापड अर्धं इस्त्री करून झालं होतं. खळ घातलेलं कापड एका दमात उरकावं लागतं, नाहीतर घडी बसते ती बसतेच. तेवढ्यात मागच्या दाराने नेमेसिया आत आली, हात न धुता, मासळीच्या पिशवीसकट.

"इंदाय, दोन झाल्या. तिसरी झाली की मी बाहेर."

मी इस्त्री उभी केली. दोन म्हणजे दोन फुल्या, हे मला ठाऊक होतं. तिच्या कॉलेजातल्या शनिवारच्या लेखनाच्या वर्गात मॅम तुपासकडे प्रत्येकाच्या नावाचं एक कार्ड असतं. पत्ते पिसावेत तशी ती गड्डी पिसते आणि एक कार्ड ओढते. ज्याचं निघेल त्याने उभं राहायचं. दिलेला पाठ घरून वाचून, तयारी करून आणलेला नाही असं मॅमला वाटलं, की कार्डावर लाल फुली. तीन झाल्या की वर्गातून नाव कमी.

"पण तू तर वाचतेस, मनांग," मी म्हटलं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून मनांग.

"वाचते? तेओफिलोला विचार! तो म्हणतो, घरात बायको आहे की रेडिओ?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात किंचित पाल चुकचुकली. सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉलेज! गल्लीत तर लोक म्हणतातच, नवऱ्याशी पटत नसेल, शनिवारचं निमित्त बरं. म्हणून मी म्हटलं, दाखव बघू.

तिने पिशवीतून पाठ काढला. पानभर तिरक्या रेघा. कुठे एक, कुठे दोन. काही शब्दांखाली आडवी ओढ, काहींच्या डोक्यावर बाण. समास मात्र कोरा करकरीत. मॅमने हे पान उलटंसुलटं करून विचारलं होतं, "हे कुणाकडून आणलंत?"

मला तर त्यात काही वावगं दिसेना. आम्ही दोघी रविवारच्या मिस्सेत वाचन करतो आणि फादरनी तयारी अशीच शिकवली आहे. एक रेघ म्हणजे श्वास. दोन रेघा म्हणजे थांबायचं, शब्द लोकांच्या मनात उतरू द्यायचा. बाण म्हणजे आवाज वर. तयारी म्हणजे याहून वेगळं काय असतं?

तेव्हा मला संशय आला तो मॅमचाच. "तिची कुणी भाची असेल तुझ्या बालवाडीतल्या जागेवर टपलेली."

"असेल बाई. ती माझ्याकडे बघते ना, तशी मी मासळीवाल्याकडे बघते."

आणि नेमेसिया मासळीवाल्याकडे कशी बघते ते अख्ख्या बाजाराला माहीत आहे. कल्ले उचलून, वास घेऊन, डोळ्यात बोट घालायचं तेवढं बाकी ठेवते. तांदूळ नवा म्हटला तर दाताखाली चावून पाहते. पण छापलेला कागद हातात आला की हीच बाई शेळी होते. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धं टाकून घरी आली. पाठच्या चार भावंडांना तिने शिकवलं आणि मग स्वतः गावच्या बालवाडीत शिकवायला लागली. तिथे चौदा वर्षं झाली. आता वरून नियम आला, पदवी नसेल तर जूनपासून येऊ नका. तिने एकेक करून सगळे विषय सोडवले. उरला होता हा एकच. तो बुडाला तर बालवाडी गेली.

शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. जपमाळ खिशात नव्हे, मुठीत घेऊन बसले, वर्गाबाहेरच्या बाकावर, काचपट्ट्यांच्या खिडकीशी. मला बघायचं होतं की मॅम गड्डी खरंच पिसते की पिसल्याचं नाटक करते.

पिसली. तिसऱ्याच वेळी म्हणाली, "मिसेस गेल्वेझोन."

आता हे योगायोगाने झालं असं कुणी म्हणावं!

नेमेसिया उभी राहिली. मॅम वयाने लहान, केस घट्ट बांधलेले, आवाज थंड. तिने पान हातात घेतलं. "पुन्हा रेघाच? आणि खिडकीत त्या कोण बसल्यात? उत्तरं सांगायला आणलंय का कुणाला?"

मुलं खिदळली. मी जपमाळ वर करून दाखवली.

"वाचते मॅम," नेमेसिया म्हणाली.

"वाचू नका. काय वाचलंत ते सांगा."

"वाचल्याशिवाय कसं सांगू?"

आणि तिने सुरुवात केली. पाठ म्हणजे एका माणसाने वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्र होतं. किनाऱ्यावर एका कंपनीचा रस्ता होणार, कोळ्यांना आत हलवणार. नेमेसिया मिस्सेतल्यासारखी वाचत गेली, कुजबुज थांबली. 'सर्व कोळी कुटुंबांनी आनंदाने संमती दिली' या वाक्याशी आली आणि थांबली. बराच वेळ.

"दम लागला?" मॅमने विचारलं.

"नाही मॅम. इथे दोन रेघा आहेत."

"का?"

नेमेसिया माझ्याकडे बघायला लागली. मी नजर जपमाळेकडे वळवली.

"घरी वाचताना इथे जीभ अडली," ती म्हणाली. "सर्व? सर्व कुठे कशाला हो म्हणतात, मॅम? आमच्या किनाऱ्यावर जाळं कुठे वाळवायचं यावर अजून दोन घरांचं एकमत नाही. आणि आनंदाने? माझा नवरा मी वरण वाढलं तरी आनंदाने हो म्हणत नाही."

वर्ग हसला. मॅम हसली नाही. "मग हे समासात का नाही लिहिलंत?"

"वाचनाच्या कडेला शंका लिहायची?" नेमेसियाचा आवाज खाली आला. "पाप नाही का लागत?"

"मिसेस गेल्वेझोन, हे देवाचं वचन नाही. हे एका माणसाने लिहिलंय. कंपनीचा पगार घेऊन."

नेमेसियाने ते पान डोळ्यांजवळ नेलं आणि कल्ले बघावेत तसं बघितलं. मग म्हणाली, "याच्या खाली त्याने कंपनीचं नावच लिहिलेलं नाही. नुसतं 'एक हितचिंतक'."

"हे आत्ता सुचलं की घरी?"

"जीभ घरी अडली. का अडली ते आत्ता कळलं."

मॅमने विश्वास ठेवावा की नाही अशा नजरेने ते पान पुन्हा पाहिलं. लाल पेन उघडलं आणि परत मिटलं. "बुधवारपर्यंत आधीच्या दोन पाठांची तयारी पुन्हा करून आणा. रेघा असू देत. पण जिथे दोन रेघा, तिथे समासात कारण. तुमच्या अक्षरात. मग फुल्यांचं बघू."

"बघू म्हणजे पुसाल?"

"बघू म्हणजे बघू."

परतताना जीपनीत, त्या खचाखच भरलेल्या प्रवासी गाडीत, मी म्हटलं, "मला या बाईचा भरवसा वाटत नाही."

"मलाही नाही," नेमेसिया म्हणाली. "पण ती बरोबर बोलली." तिने आधीच्या दोन पाठांपैकी एक मांडीवर उघडला होता आणि ओठ हलवत होती.

"मनांग, उद्या मिस्सेतही तुझी जीभ अडणार नाही ना?"

"तिथे श्वासापुरतीच," ती म्हणाली, पण पानातून मान वर न करता. मी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. उद्या पहिलं वाचन तिचं आहे.

बाजारापाशी गाडी थांबवायला तिने छताला टकटक केलं. जुन्या पानांचा समास कारणं लिहायला अरुंद, तिला मोठ्या कागदावर प्रती हव्या होत्या. ती उतरली आणि ते दोन पाठ घेऊन झेरॉक्सच्या दुकानाकडे गेली.