घाटी, जाफा आणि रॉयचा कोरा चौकोन

किस्से कुणी गोळा करत नाही. ते अंगावर बसतात, आमच्या डेपोतल्या कागदाच्या भुकटीसारखे. दिवसभर लक्षात येत नाही. संध्याकाळी दारातच सून म्हणते, "बाबा, खांदे झटका जरा," आणि मग कळतं, किती बसलंय ते.

डेपो म्हणजे ऑकलंडमधल्या पेनरोजचं एक पत्र्याचं गोदाम. पस्तीस वर्षं मराठी दैनिकांत वार्ताहरी करून मी निवृत्त झालो आणि इथल्याच पापाटोएटो उपनगरात मुलाकडे राहायला आलो. महिनाभर शेजारच्याचं गवत कापणं पाहिलं. मग डोकं फिरलं आणि नोकरी धरली. फुकट वाटायच्या साप्ताहिकांत जाहिरातींची पत्रकं सरकवायची आणि गठ्ठे बांधायचे. ज्याने मंत्र्यांची झोप उडवली तो बटाट्याच्या सेलची पत्रकं मोजत होता. राग यायचा. पण खरं सांगतो, सकाळी छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून उजेड तिरका खाली यायचा, भुकटी त्यात तरंगत राहायची, शाईचा वास यायचा, आणि आपण एखाद्या तळ्याच्या तळाशी काम करतोय असं वाटायचं. तिथे राग फार वेळ टिकत नसे.

* * *

आमची मुकादम मेरे. माओरी बाई, उत्तरेकडच्या होकिआंगाची, माझ्याच वयाची. तिच्या फळ्यावर कामाच्या पाळ्या लिहिलेल्या असत, आणि तिची एक रीत होती. चौकोनात माणसाचं नाव लिहायचं नाही. माणूस जिथला, तिथल्या लोकांना बाकीचे जे म्हणतात ते लिहायचं. ऑकलंडमध्ये जन्मलेले सगळे 'जाफा'. म्हणजे काय, तर 'आणखी एक ऑकलंडवाला', आणि मध्ये एक शिवी, जी छापायची माझी पस्तीस वर्षांत कधी हिंमत झाली नाही.

पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, कुठला? मी म्हणालो, महाराष्ट्र. ती म्हणाली, म्हणजे बॉम्बे. मी भडकलो. मुंबईत नोकरी केली म्हणून मी मुंबईचा होत नाही. मी साताऱ्याकडचा, कोरेगावचा. तिने शांतपणे विचारलं, "मग ते बॉम्बेवाले तुला काय म्हणतात?"

तोंडातून निघून गेलं. घाटी.

तिने खडूने लिहिलं. खाली रेघ ओढली. "स्वीट ॲज," म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत झकास.

* * *

हे पाहून केदार पांढरा पडला. केदार पुण्याचा. शिकायला आलेला, राहून गेलेला, डेपोतले कॉम्प्युटर आणि गाड्या तोच सांभाळायचा. मला बाजूला घेऊन कुजबुजला, "काका, काय केलंत हे? कुणी गुगल केलं तर?"

मी म्हणालो, करू दे. आणि तू कशाला घाबरतोस? पुणंसुद्धा घाटावरच आहे. तूही घाटीच.

तो अपमान झाल्यासारखा थांबला. मग म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या असेल. पण आम्हाला कुणी म्हणत नाही."

जगातले सगळे झगडे मी या एका वाक्यात बसवून दाखवू शकतो.

* * *

त्याच वर्षी शाळेच्या हॉलमध्ये इथल्या मराठी लोकांचा गणपती होता. ओळखी चालल्या होत्या. कोण आयटी, कोण अकाउंट्स, हॅमिल्टनच्या रोटोटुनात कुणाचं चार बेडरूमचं घर. माझी पाळी आली. मी म्हणालो, "कोरेगावचा घाटी. सध्या गठ्ठे बांधतो."

रोटोटुनाच्या बाई माझ्याकडे झुकल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, इथे असे शब्द नको ना. मुलं ऐकतात." मुलं कोपऱ्यात इंग्रजीतून मोदक मागत होती.

जाताना पार्किंगमध्ये त्यांचे यजमान मागून आले. इकडेतिकडे पाहिलं. माझा हात दोन्ही हातांत घेतला. "पाटण तालुका," एवढंच म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

* * *

आता रॉय. रॉय आमचा फोर्कलिफ्ट चालवायचा. अमेरिकन, साठीच्या अलीकडचा, उंच, दाढीवाला, बोलणं जेमतेम. त्याच्या चौकोनात मेरे रोज 'यँक' लिहायची आणि रोज सकाळी तो बाहीने पुसायचा. भांडण नाही, तक्रार नाही. पुसायचा आणि यंत्रावर चढायचा. दिवसभर त्याचा चौकोन कोरा.

मी वार्ताहर. जो माणूस काही पुसतो त्याच्यामागे बातमी असते. एका स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, मी त्याला गाठलं आणि विचारलं, एका शब्दाचा एवढा काय राग?

त्या दिवशी तो बोलला. म्हणाला, तुम्हा बाकीच्या जगाला सगळे अमेरिकन यँक वाटतात. आमच्याकडे दक्षिणेतला माणूस तो शब्द उत्तरेतल्यांसाठी राखून ठेवतो, आणि तो उच्चारताना थुंकतो. आमच्याकडे प्रत्येक राज्याचं वेगळं नाव. इंडियानाचे हूझर. त्याचा अर्थ काय ते इंडियानात कुणालाच नक्की माहीत नाही, पण अभिमान सगळ्यांना. नॉर्थ कॅरोलायनाचे 'डांबरी टाचांचे'. आधी चेष्टा होती, आता टोप्यांवर छापतात. ओक्लाहोमाचे 'सूनर'. तिथल्या जमिनी वाटायच्या तेव्हा सरकारने हद्दीवर माणसं उभी केली होती, इशाऱ्याची गोळी सुटली की पळायचं आणि जमीन धरायची. जे गोळीच्या आधीच आत घुसले ते सूनर. लबाडीचं नाव, आणि तेच आज मिरवतात. "अमेरिकन असणं म्हणजे हेच," रॉय म्हणाला. "शिवी दोन पिढ्या धुवायची. तिसरी पिढी तीच अंगात घालते."

मेरे कपबशी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "गोळी सुटायच्या आधी ती जमीन कुणाची होती?"

उरलेली सुट्टी आम्ही चहा प्यायलो.

* * *

पण मला एक खटकत होतं. रॉय स्वतःला कॅलिफोर्नियाचा म्हणवायचा. मग ओक्लाहोमाची जमीन, गोळी, हे एवढं त्याला कसं ठाऊक? दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. अबोल माणसाला दुसऱ्या दिवशीच विचारावं, पहिल्या दिवशीचा दरवाजा थोडा किलकिला राहिलेला असतो.

रॉयचा बाप दहा वर्षांचा असताना ओक्लाहोमात धुळीची वादळं झाली. शेतं उडून गेली. कुटुंब जुन्या मोटारीत बिऱ्हाड भरून कॅलिफोर्नियाला आलं आणि दुसऱ्यांच्या मळ्यात कापूस वेचू लागलं. तिथले लोक अशांना 'ओकी' म्हणायचे. घाणेरडा, भुकेला, आमच्या पोटावर पाय देणारा, हे सगळं त्या दोन अक्षरांत. शाळेत बाई या मुलांना मागे जमिनीवर बसवत. मोठा झाल्यावर बापाने एकच नियम केला. या घरात तो शब्द उच्चारायचा नाही, आपण कॅलिफोर्नियाचे. ओक्लाहोमात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. रॉयने आजतागायत ठेवलं नव्हतं.

रॉयचा थोरला भाऊ ग्लेन. त्याने बेकर्सफील्ड गावात खानावळ काढली आणि छपरावर माणसाएवढ्या अक्षरांत रंगवलं, 'ओकी'. गिऱ्हाइकं तुटून पडली. म्हातारा एकदा आला, रस्त्यापलीकडे उभा राहून पाटी वाचली आणि घरी गेला. मरेपर्यंत त्या खानावळीत गेला नाही. त्याच्या अंत्यविधीला ग्लेन तोच शब्द छापलेली टोपी घालून आला. रॉयने सगळ्यांसमोर ती त्याच्या डोक्यावरून ओढून काढली.

त्याला एकोणीस वर्षं झाली होती. दोघे एक अक्षर बोलले नव्हते. म्हणून तर रॉय जगाच्या या टोकाला.

मी त्याला काय सांगणार? मुंबईत पहिल्या नोकरीत मला वार्ताहर कक्षात 'ए घाटी' अशीच हाक होती. तीन वर्षं मी मान खाली घालून वळलो. चौथ्या वर्षी कोल्हापूरचा नवा पोरगा आला, आणि त्याला ती हाक पहिल्यांदा मी मारली. हे मी कुठे छापलं नाही. रॉयला सांगितलं.

* * *

मार्चमध्ये ग्लेनचं पत्र आलं. हृदयाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी एक लांबचा प्रवास चालेल म्हटलंय, एकच. तो मी तुझ्याकडे करतोय. विमानाचा दिवस आणि वेळ. आलास तर बघ, नाहीतर एक आठवडा समुद्र पाहून परत जाईन.

रॉयने पत्र मला दाखवलं आणि म्हणाला, जाणार नाही. मी बापाच्या बाजूचा.

मी भांडलो. भांडण हा माझा धंदाच होता. मी म्हणालो, बापाची लाज बापाची होती. ती त्याने कमावली होती, कापूस वेचून. तुला ती वारशात मिळाली म्हणून तू भावालाही नाकारणार? तो म्हणाला, तुला कळणार नाही. मी म्हणालो, फळ्यावर माझ्या चौकोनात काय लिहिलंय ते वाच आणि मग सांग, मला काय कळत नाही ते.

तो निघून गेला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. फोर्कलिफ्ट माझ्या टेबलाजवळून नेताना मुद्दाम भोंगा वाजवायचा.

पाचव्या दिवशी, म्हणजे विमानाच्या दिवशी, मेरेने त्याला किल्ली दिलीच नाही. आज यंत्र दुरुस्तीला आहे, म्हणाली. यंत्र तिच्या मागेच उभं होतं, धडधाकट. "केदार एअरपोर्टकडे गठ्ठे टाकायला चाललाय," ती म्हणाली. "त्याला माणूस हवाय. दोन माणसं हवीत." आणि माझ्याकडे पाहिलं.

केदारच्या व्हॅनमध्ये एकही गठ्ठा नव्हता. हे रॉयला दिसत होतं. तो बसला.

* * *

सकाळचं धुकं मानुकाऊच्या पाण्यावरून अजून उठलं नव्हतं. रस्ता, दिवे, उतरणारी विमानं, सगळं दुधात बुडाल्यासारखं. रॉय वाटेत एकदाच बोलला. मी दाढी वाढवली आहे, तो मला ओळखणार नाही, म्हणाला. केदार म्हणाला, "मग तुम्ही त्याला ओळखा ना, अंकल."

लॉस एंजेलिसचं विमान उतरलं होतं. माणसं दारातून एकेक करून येत होती, झोपेतून चालत असल्यासारखी. कुणी फुलं घेऊन उभं, कुणी नावाची पाटी धरून. मग एक बारीकसा, वाकलेला माणूस ट्रॉली ढकलत आला. डोकं उघडं. रॉयचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला, म्हणून कळलं.

ग्लेनने गर्दीवरून नजर फिरवली. ती रॉयवरून गेली, माझ्यावरून गेली आणि पुढे निघाली. तो बाहेरच्या दाराकडे वळला. चालू लागला.

मी म्हणालो, "हाक मार."

रॉयने तोंड उघडलं. आवाज नाही. ग्लेन दाराशी पोहोचत होता. पुन्हा उघडलं, आणि त्या भल्यामोठ्या माणसाच्या छातीतून जे बाहेर आलं ते 'ग्लेन' नव्हतं. तो शब्द होता. घरात न उच्चारायचा.

ग्लेन थांबला. वळला.

आणि आणखी एक जण वळलं. त्याच विमानातून उतरलेली, ऐंशीच्या घरातली एक गोरी म्हातारी, अंगात फुलाफुलांचा स्वेटर. तिने शाळेत हजेरी देतात तसा हात वर केला. मग आपली बॅग ओढत आमच्यापर्यंत आली आणि मान वर करून रॉयला न्याहाळलं.

"ओक्लाहोमातल्या कुठल्या काउंटीचे रे तुम्ही, बाळा?"

एव्हाना ग्लेनही येऊन उभा राहिला होता. धाप लागली होती. रॉयकडे न बघता तो म्हातारीला म्हणाला, "त्याला विचारू नका, बाई. तो कॅलिफोर्नियाचा आहे."

रॉयने भावाच्या हातातली ट्रॉली आपल्याकडे ओढून घेतली.

"वॉशिटा," तो म्हणाला.

"म्हणजे आमच्या शेजारचेच की," म्हातारी म्हणाली, आणि टॅक्सीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.