टीव्ही घेऊ का मॉनिटर?

टीव्हीच्या दुकानात उभं राहिलं की दिवसाला एक धक्का ठरलेला. मी घरी जेवताना सांगायला लागले की नवरा म्हणायचा, "तू टीव्ही विकतीस का माणसं बघतीस?" आमचं दुकान कोल्हापुरात. एचडी टीव्ही नवे आले होते तेव्हाची गोष्ट. एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीवर कॉम्प्युटरचे मॉनिटर. गिऱ्हाईक मधे उभं राहून चक्रावायचं.

* * *

नेसरीचे एक पावणे आले. मॉनिटर बघितला. चित्र टीव्हीसारखंच आणि किंमत कमी! मी परोपरीनं सांगितलं, याला केबलची वायर जोडता येत नाही, आवाज येत नाही. त्यांना वाटलं, मी महागाचा टीव्ही गळ्यात मारतेय. घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी दारात हजर. मॅच बघायला अख्खी गल्ली गोळा केली होती, आणि पडद्यावर नुसतं 'नो सिग्नल'. बदलून टीव्ही नेला, पण जाताना मलाच म्हणाले, "जरा वरडून सांगायचं की!"

* * *

कबनूरच्या एका यंत्रमागवाल्यानं उलटं केलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला भलाथोरला टीव्ही जोडला आणि हातभर अंतरावर बसला. आठवड्यानं आला तो मान आखडलेली, डोळे लालबुंद. अक्षरं फाटल्यागत दिसतात, अशी तक्रार. मी म्हटलं, खुर्ची मागं घ्या.

"मागं भिंत हाय," तो म्हणाला.

शेवटी साधा मॉनिटर नेला आणि टीव्ही घरी लावला. आता तो ऑफिसलाच येत नाही, असं त्याचा भाऊ सांगत होता.

* * *

एक जोडपं लग्नाची जुनी सीडी घेऊन आलं. मॉनिटरवर बरी दिसली. मग सगळ्यात मोठ्या टीव्हीवर लावली, तर सगळे चेहरे पुसट. बाई हादरल्याच. जुनं शूटिंग मोठं केलं की असंच होतं, हे मी समजावत होते, पण त्यांचं एकच, "नवरा वळखू येईना, आन ह्येला क्लिअर म्हंतासा?"

* * *

आणि एका संध्याकाळी कागलच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या बसचा ड्रायव्हर आला. मुलीसाठी टीव्ही घ्यायचा होता. भाव विचारून लगेच निघतो म्हणाला. मी टीव्ही लावला. चित्र झकास आहे, पण उजवी बाजू काळी पडलीय, असं तो म्हणाला.

मला तर चित्र लख्ख दिसत होतं. तरी वायर बदलली. दुसरा टीव्ही लावला. त्याचीही उजवी बाजू काळीच, म्हणाला. मग समोरचा मॉनिटर सुरू केला. त्याच्या उजव्या कडेवरनं त्यानं हात फिरवून बघितला. हळूच माझ्याकडं वळला आणि माझ्या तोंडाकडं एकटक बघत राहिला.

"तुमचं बी अर्धंच तोंड दिसतंय," तो म्हणाला.

त्यानं खिशातून किल्ली काढून काउंटरवर ठेवली.

"ताई, भाईर बस उभी हाय. शिफ्ट सुटल्याली माणसं आत बसल्यात."