पिवळा जमरा आणि आमच्या सासूबाई

दसऱ्याच्या सकाळी आळे गावातल्या घरी आमच्या सासूबाई चक्क रडकुंडीला आल्या होत्या. एरवी अख्ख्या गल्लीला धारेवर धरणारी बाई!

झालं असं, आमच्या मागच्या खोलीत सपना आणि तिचा नवरा भाड्याने राहतात. मूळचे नेपाळचे, फाट्यावर मोमोजची गाडी लावतात. आपण घट बसवतो त्याच दिवशी तेही मातीत जव पेरतात, त्या कोंबांना जमरा म्हणतात. दसऱ्याला घरातलं मोठं माणूस धाकट्यांना टिळा लावतं आणि कानामागे जमरा खोवतं.

सपनाच्या लग्नानंतर यंदा पहिल्यांदाच तिचे वडील टिळा लावायला येणार होते. त्यांना आणायला ती नवऱ्याबरोबर पुण्याला गेली, ट्रेन लेट म्हणून तिकडेच मुक्काम पडला... जमऱ्याला पाणी घालायचं काम सासूबाईंकडे.

सासूबाईंनी जमऱ्याच्या ट्रेवरचं झाकण काढलं तर कोंब पिवळेफटक! शेतकरीण ती, तिला कुठलं बघवतंय? ट्रे थेट गच्चीवर उन्हात. सपना येईपर्यंत सगळं हिरवंगार आणि बाई स्वतःवरच खूश.

सपनाने ट्रे बघितला आणि मटकन खाली बसली. जमरा पिवळाच लागतो, म्हणून तर मुद्दाम अंधारात ठेवतात! "आता बाबा मला काय लावणार?" पोरीच्या डोळ्यांत पाणी.

"मला वाटलं रोग पडला गं... मला काय ठावं व्हतं!" सासूबाई.

तेवढ्यात तिच्यासोबत आलेले वडील आमच्या देवघरापाशी थांबले आणि हात जोडून हसले. "यही तो जमरा है!"

आमचा घट! देवघर अंधारं, त्यामुळे यंदा पिवळाच उगवलेला. 'लोकांचे घट कसे हिरवेगार, आपलाच मेला असला' म्हणून सासूबाई नवरात्रभर कुरकुरत होत्या.

हुश्श!! घट हलवला आणि सासूबाईंनी मूठभर कोंब त्यांच्या ओंजळीत दिले. सपनाला टिळा लागला, कानामागे पिवळे तुरे... पोरगी काय गोड दिसत होती.

मग त्या बाबांनी सासूबाईंचं वय विचारलं. त्या मोठ्या निघाल्या, तसे ते पाटावर बसले आणि मान खाली घातली. सपना हळूच म्हणाली, "आई, तुम्हीच लावा. गावाकडे बाबांना टिळा लावायला आता मोठं कुणी उरलं नाही."

सासूबाईंनी दही-तांदळात कुंकू कालवून लाल टिळा लावला, कोंब खोवले आणि एवढंच म्हणाल्या, "सुखी ऱ्हावा, भाऊ."

तो हिरवा जमरा आमच्या ह्यांनी टोपीत खोवून गावभर मिरवला. आणि मी? इतक्या हलक्या मनाने सोनं कधीच वाटलं नव्हतं...